सायबर, प्रायव्हसी आणि एआयसाठी वकील नेमून नऊ महिने झाले

आमची कंपनी सॉफ्टवेअर विकते, ग्राहक बरेचसे युरोपातले. या तिन्ही विषयांसाठी एकच वकिलांची टीम रिटेनरवर, म्हणजे ठरावीक शुल्क देऊन कायमची, घ्यायची कल्पना माझी नव्हती. पण आयटी माझ्याकडे, त्यामुळे रोजची गाठ माझ्याशीच.

पहिले दोन-तीन महिने पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटले. चाळीस पानी प्रायव्हसी धोरण आलं. कुणी वाचलं नाही, मीही निम्म्यावर सोडलं.

मत बदललं पाचव्या महिन्यात. सपोर्टमधल्या एकाचं खातं फिशिंगने, म्हणजे फसव्या मेसेजमुळे, गेलं आणि ग्राहकांच्या तक्रारींची फाइल कुणीतरी उतरवून घेतली. मी लॅपटॉप फॉरमॅट करायला निघालो होतो. वकीलबाईंनी फोनवर अडवलं: आधी लॉग (सिस्टिममधल्या हालचालींच्या नोंदी) आणि डिस्कची प्रत, मग बाकीचं. पुढचा प्रश्न, ‘तुम्हाला नक्की किती वाजता कळलं?’ जीडीपीआर म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा. त्याच्या ३३व्या कलमात नियामकाला कळवायला दिलेले ७२ तास गळती झाल्यापासून नाही, ती आपल्या लक्षात आल्यापासून धरतात, सुट्टीचे दिवस धरून. माहिती अपुरी असली तरी पहिली सूचना देऊन उरलेलं टप्प्याटप्प्याने कळवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शिवाय फाइलमधला काही डेटा आम्ही ग्राहकांच्या वतीने सांभाळत होतो. तिथे नियामकाकडे जायचं काम ग्राहकाचं, आमचं काम ग्राहकाला विनाविलंब सांगणं. ही फोड आमच्यापैकी कुणालाही सुचली नसती.

ग्रुपवर एकाने ‘हलगर्जीपणा झाला’ असं लिहिलं, त्यावर बाई चिडल्याच. घडलं तेवढंच लिहा, अंदाज नको. फॉरेन्सिक अहवाल (हल्ला कसा झाला याचा तांत्रिक तपास) वकिलामार्फत मागवला की गोपनीयच राहील, कोर्टात द्यावा लागणार नाही, हा माझा समजही त्यांनीच मोडला. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या डेटा गळतीच्या खटल्यात २०२० साली तिथल्या न्यायालयाने मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीचा अहवाल समोरच्या पक्षाला द्यायला लावला होता.

एआयच्या बाबतीत अनुभव संमिश्र. कुठली साधनं वापरता याची यादी त्यांनी मागितली. आम्ही चार म्हणालो, निघाली एकोणीस. एचआरने घेतलेलं अर्ज चाळणारं साधन युरोपच्या एआय कायद्यात जास्त जोखमीच्या गटात बसतं, हे वेळेवर कळलं. बाकी प्रश्नांना मात्र ‘परिस्थितीवर अवलंबून’ हेच उत्तर. कायदा लागू झाला ऑगस्ट २०२४ मध्ये, तरतुदी टप्प्याने येतायत, त्यामुळे थोडं समजू शकतो. थोडंच.

तक्रारी आहेत. साध्या ईमेलला दोन दिवस लागतात. रिटेनरबाहेरचं काम सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने. टीममधल्या एका कनिष्ठ वकिलाला एपीआय (दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलू देणारा दुवा) म्हणजे काय ते मी दोनदा समजावलं आणि त्या वेळेचं बिल आम्हालाच आलं!

नूतनीकरण करतोय. धोरणं लिहिण्याचं काम काढून घेतलंय, वेंडरचे करार तपासणं आणि वर्षातून दोनदा सायबर हल्ल्याचा सराव घेणं घातलंय. रात्री उचलला जाणारा फोन नंबर या वेळी करारातच लिहून घेतला.