बेळगावातला आर्किटेक्टांचा गट: वर्गणी भरावी का?

खानापुरात माझं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक ड्राफ्ट्समन. तालुक्याच्या गावात कामं मिळतात, पण एखादा तपशील अडला तर विचारायला बरोबरीचं माणूस मिळत नाही. म्हणून बेळगावातल्या आर्किटेक्टांच्या गटात नाव घातलं. नुकतीच पास झालेली मुलं-मुली सारखी विचारतात, "मॅडम, वर्गणी भरून मिळतं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक घोळ निस्तरते. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी वेगळी, त्यात पर्याय नाही. 1972च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर आर्किटेक्ट ही उपाधी लावताच येत नाही. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सदस्यत्व मात्र ऐच्छिक. ती संस्था 1917 साली मुंबईत सुरू झाली आणि 1929 पासून आजच्या नावाने चालते. आमचा गट या दोन्हींपैकी कुणाचीच शाखा नाही. महिन्याला एक बैठक आणि अधूनमधून साइटभेट, एवढंच त्याचं काम.

पण त्या साइटभेटीच सगळी वर्गणी वसूल करून देतात. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी खानापूरकडच्या जंगलपट्ट्यातलं जुनं जांभ्याचं घर दाखवलं. दुरुस्ती चालू होती, पाऊस धो धो. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. सरांनी गवंड्याकडून हातोडी घेतली आणि फुगलेल्या जागी हलकेच ठोकलं. पोकळ आवाज आला. पापुद्रा निघाला तर मागचा चिरा ओलाकच्च, बोट लावलं की तांबडी माती हाताला. "जांभा पाणी पिणारच. प्यायलेलं बाहेर टाकायला त्याला वाट ठेवा," सर म्हणाले. शेजारच्याच भिंतीला जुना चुन्याचा गिलावा होता, ती दमट होती पण धड होती. मग त्यांनी वर बोट दाखवलं. सिमेंटवाल्या बाजूची वळचण कधीतरी कापून आखूड केलेली, त्यामुळे कौलांच्या पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडत होत्या. चूक गिलाव्याची किती आणि वळचणीची किती, यावर आम्ही तिथेच भिजत वाद घातला. माझं मत आजही वळचणीच्या बाजूने आहे. त्यानंतर मी या भागातल्या एकाही घराची वळचण मालकाच्या हट्टाखातर कमी केलेली नाही.

दुसरा फायदा व्यवहाराचा. मध्यंतरी एक मालक दुसऱ्याच आर्किटेक्टचे नकाशे घेऊन माझ्याकडे आले, "पुढचं तुम्हीच बघा" म्हणून. मी बैठकीत विषय काढला. 1989च्या व्यावसायिक आचारनियमांत दुसऱ्याचं काम परस्पर बळकवायला मनाई आहे, हे एकाने समजावलं आणि आधी त्या आर्किटेक्टला कळवायला लावलं. फोन केला तेव्हा कळलं, त्यांची फी थकली होती. मालकांनी ती चुकती केली, मग मी काम हाती घेतलं. पुढे त्याच आर्किटेक्टनी मला एक काम पाठवलं.

आणि कागद! पालिकेची नोटीस, परवान्याच्या अटी, मिळकतीच्या खात्याचा उतारा, सगळं कन्नडमध्ये. मला बोलता येतं, पण सरकारी कन्नड वाचताना दमछाक होते. गटातले कन्नडभाषक सहकारी रात्रीसुद्धा फोटो बघून अर्थ सांगतात. उलट बाजूही आहे. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या वाड्यांचे काही कागद मराठीत निघतात, एखादा मोडीतही. असे कागद आले की कन्नडभाषक सहकारी आम्हा मराठीवाल्यांकडे येतात, आणि मोडी वाचणारे एक काका आमच्या बाजूला आहेत. बाहेर भाषेवरून काहीही चालू असो, या गटात मी कधी कुणाला अडलेलं बघितलं नाही. याचा मला अभिमान आहे.

आता खटकणाऱ्या गोष्टी. बैठकीच्या जेवणाचा खर्च बऱ्याचदा टाइल्स किंवा रंगाची एखादी कंपनी उचलते, आणि मग निम्मी संध्याकाळ त्यांच्या स्लाइड्समध्ये जाते. मला हे मुळीच पटत नाही. वर्गणी वाढवा, जेवण साधं ठेवा, पण बोलायला वेळ द्या. हे मी बैठकीतही मांडलंय. दुसरं, वेळ. रात्री साडेआठला सुरू होणाऱ्या बैठकीनंतर खानापूर, निपाणी, चिकोडीला परतायचं कसं? त्यामुळे तालुक्यातल्या मुली येतच नाहीत, आणि त्यांना हा गट सगळ्यात जास्त हवा आहे. साइटभेटी रविवारी सकाळी असतात, तेव्हा त्या हमखास दिसतात.

बेळगाव शहरात मोठ्या ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना घाई नाही, त्यांना विचारायला शेजारच्या टेबलावर माणूस असतो. तालुक्यात एकट्याने काम करणाऱ्यांनी मात्र यंदाच नाव नोंदवावं. पैसे भरण्याआधी एका साइटभेटीला पाहुणे म्हणून येता येतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. पावसाळ्यातली निवडा. येताना रेनकोट आणि मापाची टेप आणा, आणि तुमच्या चालू साइटवर जो तपशील अडलाय त्याचा नकाशा बरोबर ठेवा. चहाच्या वेळी लोक स्वतःहून मागून घेतात.