जुन्या गिटारीची तुटलेली मान: सरस की पांढरा गम?

काकांची कलकत्त्याची गिटार खुर्चीवरून पडली आणि नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे मान चिरली. खुंट्यांचं डोकं हाताने हलवलं की मागची चीर तोंड उघडायची. ज्याची गिटार अशी पडली आहे त्याला ही जागा सांगायला नको. तिथे डोकं मागे झुकतं, म्हणून लाकडाचे रेषे आखूड पडतात, आणि ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) असेल तर त्याच्या खाचेने लाकूड आणखी पातळ होतं. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या गिटारींचं डोकं 17 अंशांत झुकलेलं असायचं, 1960च्या दशकाच्या मध्यात ते 14 वर आलं, तरी माना तुटायच्या काही थांबल्या नाहीत.

चिकटवायचं कशाने, एवढाच प्रश्न उरतो: सुतारकामाच्या पांढऱ्या गमने, की जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या, गरम करून लावायच्या सरसाने? मी एकाच गिटारीवर दोन्ही करून पाहिलं आहे.

सोलापुरात पहिला सल्ला सुतारकामाच्या पांढऱ्या गमचाच मिळतो. आमच्या गल्लीतले सुतारमामा म्हणाले, "गम भरा, आवळून ठेवा, काय होत नाही ओ." आणि खरंच, आधी काही झालं नाही. पांढरा गम सोयीचा आहे. तापवायचा नाही, वास नाही, जुळवाजुळवीला निवांत वेळ मिळतो, आणि थंडीत सांधा दगडासारखा वाटतो. डिसेंबरात चिकटवली, गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तारा चढवल्या, मार्चअखेर रोज वाजवली.

मग मे आला. माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. सकाळी सुरात लावलेली सहावी तार संध्याकाळी उतरलेली असायची. आधी तारांवर संशय घेतला, मग खुंट्यांवर. एका संध्याकाळी एफ कॉर्ड धरताना मानेमागे अंगठ्याला बारीक धार लागली, नख अडेल एवढी. आठवड्याभरात ती डोळ्यांना दिसू लागली. सांधा तुटला नव्हता, सरकत होता. बारा नंबरच्या जाड तारा सुरात असल्या की मानेवर सुमारे 70 किलोंची ओढ रात्रंदिवस असते. पांढरा गम वाळला तरी एक प्रकारचं प्लास्टिकच. उन्हाळ्यात मऊ पडतो आणि ओढीपुढे हळूहळू सरकतो.

त्या धारेपेक्षा जास्त त्रास पुढे झाला. वाळलेल्या गमवर दुसरं काही नीट धरत नाही, नवा गमसुद्धा नाही. कोमट व्हिनेगर, जुना टूथब्रश आणि दाढीचं ब्लेड घेऊन तीन दिवस चीर साफ करत बसलो. गमबरोबर थोडे रेषेही निघाले. काकांच्या गिटारीचं लाकूड आपल्या हाताने कमी होताना बघणं फार लागलं. माझा निर्णय तिथेच झाला.

दुसऱ्यांदा सरस वापरला. दाणे थंड पाण्यात भिजत घालायचे, फुगले की भांड्यात भांडं ठेवून साठेक अंशांवर विरघळवायचे. उकळू द्यायचा नाही, ताकद जाते. सरस लावताना अडचण एकच, गार होताच तो गोठतो. त्यासाठी लोक लाकूड आधी शेकून घेतात. इथे मे महिन्यात लाकूड मुळातच तापलेलं असतं, त्यामुळे मला आरामात वेळ मिळाला. मान वाकडी, तिथे क्लॅम्प नीट बसत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ताणून गुंडाळली आणि एक दिवस हात लावला नाही. तारा चार दिवसांनी, त्याही दहा नंबरच्या, बारीक.

वाळलेला सरस कोरड्या उन्हात काचेसारखा कडक राहतो, सरकत नाही. आणि उद्या चीर पुन्हा उघडलीच तर नवा गरम सरस जुन्यात मिसळून जातो, काही खरवडावं लागत नाही. जुन्या वाद्यासाठी मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ऊन आणि ओल एकत्र आली की मात्र तो हार मानतो. कोकणात राहत असतो तर कदाचित वेगळा विचार केला असता. बंद गाडीत भर दुपारी गिटार ठेवणार असाल, तर दोन्हींचा भरवसा धरू नका.

लाकडाचा तुकडाच हरवला असेल तर सरस पोकळी भरत नाही, तिथे एपॉक्सीला (दोन भाग मिसळून लावायच्या कडक गोंदाला) पर्याय नाही. पण मान धडाला जिथे बसते त्या सांध्यात कुणालाही एपॉक्सी घालू देऊ नका. पुढे मान पुन्हा बसवायची वेळ आली की तो सांधा वाफेने सोडवतात, आणि एपॉक्सी वाफेला सहजी दाद देत नाही.

नवी, स्वस्त गिटार, ताजी स्वच्छ चीर आणि थंड खोली असेल तर पांढरा गम चालून जाईल, मी अडवणार नाही. वडीलधाऱ्यांची जुनी गिटार असेल तर माझ्या मते सरसच. माझा अनुभव एकाच गिटारीचा, हे लक्षात घ्या.

त्या दुरुस्तीला दोन उन्हाळे झाले. एफ धरताना अंगठा अजून आधी ती जागा चाचपतो. तिथे पॉलिशचा किंचित खरखरीतपणा लागतो, बाकी काही नाही.