९९ रुपयांचं खोकं, नाटकाची तिकिटं आणि ऑटोपे

परवा भिशीच्या ग्रुपवर, दर महिन्याला वस्तूंचं खोकं घरी पाठवणाऱ्या योजनेची पुन्हा तसलीच जाहिरात आली. नाव वेगळं, खोक्याचा रंग वेगळा, बाकी मजकूर काना-मात्रेसकट तोच. 'दर महिन्याला स्वतःसाठी एक छोटीशी भेट.' आम्ही फसलो तेव्हाचं नाव इथे देऊन उपयोग नाही, ते कधीच बदललंय. पद्धत बदललेली नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

दिवाळीआधी आमच्या नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला प्रदर्शनं लागतात, त्यातल्या एका स्टॉलवर हे लोक होते. पहिलं खोकं ९९ रुपयांना. त्यात चिवडा, बेदाणे, कॉफीच्या पुड्या, एक सुगंधी मेणबत्ती. आवडलं तर पुढे महिना ७४९ रुपये, आणि त्यात दर महिन्याला एका मराठी नाटकाची दोन तिकिटं. आम्ही अडकलो ते या शेवटच्या ओळीवर. शिरवाडकर आणि कानेटकर ज्या गावात राहून लिहीत होते, तिथल्या बायकांना चिवड्याने कोण फशी पाडणार? चिवडा आमच्याकडे घरोघरी आहे. नाटकाचं मात्र असं असतं, की कालिदास नाट्यगृहाला चांगला प्रयोग लागला की तिकीटविक्रीचा प्लॅन उघडल्यावर पुढच्या रांगा भराभर जातात आणि नोकरी-घर करणारीला खिडकीवर जायला वेळ होत नाही. कुणीतरी परस्पर तिकिटं आणून देतंय म्हटल्यावर सगळ्या खूश. त्यात 'एक मैत्रीण आणा, एक खोकं फुकट'. संध्याकाळपर्यंत निम्मी भिशी त्यांच्या यादीत.

स्टॉलवरच्या मुलाने कोड पुढे केला. "मॅडम, पिन टाका ना पटकन, मागे रांग आहे." मोबाइलवर मोठ्या अक्षरात ९९ दिसत होतं. त्याच्या खाली बारीक अक्षरात काय होतं, ते मी नंतर अ‍ॅप उघडून नीट वाचलं: कमाल रक्कम १,५०० रुपये, वारंवारता मागणीनुसार, मुदत तीस वर्षं. म्हणजे ते साधं पेमेंट नव्हतंच, ऑटोपेची परवानगी होती. पिन एकदाच लागतो. त्यानंतर ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, ते म्हणतील तेव्हा, म्हणतील तितके पैसे जातात. १५,००० रुपयांच्या आतल्या अशा नेहमीच्या कापणीला दर वेळी पिन मागितला जात नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि ती आलीही होती. कर्जाच्या आणि साड्यांच्या सेलच्या गर्दीत, इंग्रजीत.

पहिलं खोकं खरंच छान होतं, हे कबूल करायला हवं. तिकिटंही आली, मागच्या रांगेतली का होईना. दुसऱ्या खोक्यातल्या क्रीमच्या ट्यूबवर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं. म्हणजे फुकट वाटायचे नमुने आम्हाला विकले. तिसऱ्यात बेदाण्याच्या पाकिटावर तारखेचं स्टिकर जरा जाड लागलं. नखाने खरवडलं तर खाली दुसरं स्टिकर, त्यावरची तारीख केव्हाच उलटलेली. खाण्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा. यावर क्रमांक होता, पण आकडे तेराच. (आमच्या ह्यांना असलं मोजायची हौस आहे. एरवी मी वैतागते.)

त्याच महिन्यात ७४९ ऐवजी १,४९९ कापले गेले. विचारलं तर उत्तर आलं, 'फेस्टिव्ह एडिशन'. कमाल मर्यादा १,५०० का ठेवली होती, ते तेव्हा कळलं.

आता नाटकाचं. शनिवारी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर तिकिटाचा फोटो आला. आम्ही दोघं नटूनथटून शालिमारला, कालिदासच्या दारात पोचलो. दारावरच्या माणसाने फोटो बघितला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, या खुर्च्यांवर माणसं बसलीत." मी हुज्जत घालणार तेवढ्यात मागून भिशीतलीच एक मैत्रीण मिस्टरांबरोबर आली. तिच्या मोबाइलवरही तोच फोटो, तीच रांग, त्याच खुर्च्या. पाच मिनिटांत अजून एक जोडपं. खरी तिकिटं दोनच काढली होती. त्यांचा फोटो किती जणांना गेला, देव जाणे. जे आधी पोचले ते आत. नाट्यगृहाच्या लोकांचा यात काहीच दोष नव्हता. उलट त्यांनी खिडकीवर चौकशी करून दिली, पण प्रयोग हाउसफुल्ल होता. तिसरी घंटा झाली आणि आम्ही सहा जण भरजरी कपड्यांत बाहेर चहा पीत उभे.

दुसऱ्या दिवसापासून बंद करण्याची खटपट. त्यांच्या साइटवर सुरू करायचं बटण हातभर मोठं, बंद करायचं बटणच नाही. 'एक महिना विश्रांती घ्या' एवढंच. असा सापळा लावणं नियमाने बंद आहे. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिली आहे, त्यात वर्गणीचा सापळा नाव घेऊन आहे. पण त्यांच्या साइटशी भांडत बसायची गरजच नसते. ज्या अ‍ॅपने पैसे देता त्याच अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा विभाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते, हवी ती उघडून रद्द करा. दुकानदाराची संमती लागत नाही. मी रद्द केलं तेव्हा यादीत जुनं एक गाण्यांचं अ‍ॅपही सापडलं, तेही काढून टाकलं.

खोक्यावरचा पत्ता अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा होता. आम्ही गेलो. तिथे लेथचं वर्कशॉप. मालक म्हणाले, "तुम्ही पहिल्या नाही, बसा, पाणी घ्या."

इथवर रकमा लहान होत्या. सगळं गणित त्यावरच बेतलेलं असतं: दीड हजारासाठी कोण पोलिसांत जातं? खरा दणका पुढे बसला. रद्द केल्यावर आठवडाभरात एकेकीला फोन यायला लागले. "रिफंड विभागातून बोलतोय." कुठल्या तारखेला किती कापले, कुठल्या नाटकाचं तिकीट दिलं, सगळं त्याला पाठ. मला म्हणाला, "मॅडम, परत मिळणारी रक्कम स्क्रीनवर दिसतेय ना? आता फक्त पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. मी फोन ठेवला. आमच्यातल्या एकीने मात्र त्याच्या सांगण्यावरून आपली स्क्रीन समोरच्याला दिसेल असं अ‍ॅपही घेतलं होतं. तिच्या खात्यातून दोन हप्त्यांत ३८,००० रुपये गेले.

तिने एक गोष्ट फार चांगली केली. रडत बसली नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, बँक, रक्कम हे मुख्यतः विचारतात. हे हाताशी ठेवूनच फोन करा. थोडी रक्कम समोरच्या खात्यात असतानाच गोठवली गेली, उरलेली तोवर पुढे सरकली होती. नंतर शहर सायबर पोलीस ठाण्यात जाऊन रीतसर जबाब दिला. पहिल्या तासाभरात फोन झाला तर काही हाती लागण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी नवऱ्याला, मग भावाला, मग जावयाला विचारू असं करू नका.

खोक्याच्या पैशांसाठी आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. सगळ्या जणींनी मिळून जायचं ठरलंय.

नाशिकमध्ये आणखी कुणी यात सापडलं असेल तर आज मॅन्डेट रद्द करा आणि रिकामं खोकं रद्दीत देऊ नका. लेबलचे, डबल स्टिकरचे आणि तिकिटाच्या मेसेजचे फोटो काढून ठेवा. तारीख-वेळेसकट चॅट जपा, त्यांनी स्वतःचे मेसेज पुसायच्या आत. आमच्या फायलीत आत्ता तीन लेबलं आहेत, तिन्हींवर वेगवेगळे पत्ते.