गवत कापायचं पेट्रोल मशीन: आठ महिने वापरल्यावर

मशीन चांगलं आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. पण दुकानदाराने जे सांगून गळ्यात मारलं त्यातलं निम्मं खरं नव्हतं, आणि जे सांगायला हवं होतं ते मला बोटं सोलून घेऊन कळलं.

इंदूरच्या रामबागेतलं घर मुलावर सोपवून आम्ही दोघं सिमरोलच्या अलीकडे राहायला आलो, त्याला दुसरं वर्ष. अर्धा बिघा जागा, घर सोडलं तर सगळी काळी माती. माळव्यात दोन पाऊस झाले की या मातीत गवत गुडघ्याला लागतं. पहिल्या वर्षी हौसेने विळा घेतला आणि पंधरवड्यात कंबर धरली. मजूर बघावा तर सगळे सोयाबीनच्या निंदणीला. शेवटी गेल्या जूनमध्ये सियागंजातून ३५ सीसीचा फोर-स्ट्रोक ब्रश कटर आणला, साडेअकरा हजारांना.

टू-स्ट्रोक स्वस्त पडतो, वजनालाही हलका. पण त्याच्या पेट्रोलमध्ये दर वेळी मापाने ऑइल मिसळावं लागतं, आणि विसरलं की पिस्टन जाम. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. माझ्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरायचं असतं, तेही अवघं १०० मिली. एका टाकीत पाऊण ते एक तास काम होतं, आणि चौसष्टाव्या वर्षी एका वेळी तेवढंच पुरे. त्याहून जास्त चालवलं तर संध्याकाळी चहाची बशी हातात थरथरते. खरा भार खांद्यावर येतो, म्हणून सीसी बघण्याआधी पट्टा बघा. सोबत आलेला एकेरी पट्टा महिन्यात टाकून मी दोन्ही खांद्यांचा घेतला.

कापायला दोरी आणि पातं दोन्ही मिळतं. कोवळ्या गवताला नायलॉनची दोरी उत्तम. ती उन्हात सुकली की तटातट तुटते, म्हणून मी आदल्या रात्री बादलीत भिजत घालतो. हिला आधी वाटलं साबुदाणा भिजवलाय. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे कापत जायचं, म्हणजे कापलेलं गवत डावीकडे ओळीने पडतं. पात्याची समोरची उजवी बाजू दगडाला किंवा खुंटाला लागली तर मशीन उसळून अंगावर येतं. एकदा आलं. तेव्हापासून आधी काठीने गवत झोडपून फिरतो, दगडही कळतात आणि साप असेल तर निघून जातो.

पातं पहिल्यांदा बदलायला बसलो तेव्हाची गोष्ट. नट काही केल्या सुटेना. अर्धा तास जोर लावला, पाना सटकून दोन बोटांची सालं निघाली. शेजारचा आठवीतला मुलगा कुंपणाला टेकून सगळं बघत होता. म्हणाला, "बाऊजी, उल्टा घुमाओ." या नटाचे आटे उलटे असतात. म्हणजे अर्धा तास मी तो आवळतच होतो.

गाजर गवतावर मात्र हे मशीन चालवू नका. बुंधा जमिनीत राहतो, पुन्हा फुटतो, आणि फुलावर आलेलं असेल तर बी अंगणभर आपणच पेरतो. शिवाय दोरीने त्याचा चोथा उडून अंगावर बसतो. माझी मान आठ दिवस खाजत होती. ते फुलं यायच्या आत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं.

दुकानदाराचं "बाऊजी, मेंटेनन्स कुछ नहीं" हे वाक्य जानेवारीपर्यंत टिकलं. दिवाळीनंतर गवत वाळलं, मशीन टाकीतल्या पेट्रोलसकट कोपऱ्यात ठेवून दिलं. संक्रांतीला काढलं तर इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा गेला, पण इंजिन ढिम्म. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून दाखवला, आत पिवळट चिकट थर. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि पडून राहिलेलं पेट्रोल असं चिकट होतं. साडेतीनशे रुपये गेले. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो. हवेचा फिल्टर दर चार वापरांनी धुतो, गिअरच्या डब्यात मधूनमधून ग्रीस भरतो.

आणि एक, गुरांसाठी गवत हवं असेल तर पातंच लावा. दोरीने त्याचा भुगा होतो, गाय हुंगून तोंड फिरवते. बांधाकडची पट्टी मी आता मशीन न लावता तशीच ठेवतो. शेजारी ती विळ्याने कापून नेतात, आणि त्या दिवसांत सकाळी आमच्या ओट्यावर अर्धा लिटर दुधाची बरणी असते.