सरकारमान्य वारस : एका व्याख्यानमालेचे परीक्षण

ब्रिटिश अमलाखालील दक्षिणी आफ्रिकेतील पारंपरिक प्रमुखपदे आणि त्यांच्या वारसाहक्काचे तंटे या विषयावरील चार सत्रांची सशुल्क व्याख्यानमाला दादरमधील एका सभागृहात नुकतीच पार पडली. भरलेले शुल्क वसूल झाले का, असे कोणी विचारल्यास, एकट्या तिसऱ्या सत्राने ते वसूल करून दिले, असे मी सांगेन.

हे सत्र बेचुआनालँडमधील (आजच्या बोत्स्वानातील) बामांग्वातो लोकांच्या प्रमुखपदावर होते. सेरेत्से खामा यांचे वडील १९२५ मध्ये वारले तेव्हा ते अगदी लहान असल्यामुळे चुलते त्शेकेडी यांनी त्यांच्या वतीने कारभार पाहिला. पुढे १९४८ मध्ये सेरेत्से यांनी लंडनमध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या तरुणीशी विवाह केला आणि चुलत्या-पुतण्यांत उभा दावा निर्माण झाला. सेरोवे या त्यांच्या मुख्य गावी भरलेल्या जमातीच्या जाहीर सभेने आधी विरोध केला, परंतु जून १९४९ मध्ये बहुमताने सेरेत्से यांनाच प्रमुख मानले. प्रथेने असा निकाल लावल्यावरही ब्रिटिश सरकारने चौकशी समिती नेमली. सेरेत्से पदास लायक आहेत, पण वर्णभेदवादी दक्षिण आफ्रिका सरकार नाराज होईल म्हणून त्यांना मान्यता देऊ नये, असा विलक्षण अहवाल समितीने दिला, सरकारने तो दडपला आणि १९५० मध्ये सेरेत्से यांना मायदेशी परतण्यास मनाई केली. प्रमुखपदावरील हक्क सोडल्यावरच, १९५६ मध्ये, त्यांना परतता आले. (हेच सेरेत्से १९६६ मध्ये बोत्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.) ही सारी हकीकत वक्त्यांनी तारीखवार आणि कोठेही भावविवश न होता उलगडली.

प्रश्नोत्तरांत अपेक्षेप्रमाणे साताऱ्याचा विषय निघाला. १८४८ मध्ये कंपनीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केले, तर आफ्रिकेत कर गोळा करण्यासाठी आणि मजूर पुरवण्यासाठी प्रमुख हवाच असल्याने सरकारने बहुधा पद राखून त्यावरचा माणूस आपल्या सोयीचा निवडला, हे उत्तर मला पटले. दक्षिण आफ्रिकेत तर १९२७ च्या कायद्याने गव्हर्नर जनरललाच सर्वोच्च प्रमुख ठरवले होते.

दुसरे सत्र मात्र घाईत उरकले. १८७९ च्या युद्धानंतर झुलू राज्याचे १३ तुकडे कसे पाडले, झुलू राजपुत्र दिनुझुलू यांना सेंट हेलेना बेटावर का धाडले, आणि बासुटोलँडमध्ये (आजच्या लेसोथोत) मान्त्सेबो या राणीने राज्यपालक म्हणून १९४३ चा खटला कसा जिंकला, हे सारे एकाच बैठकीत कोंबले गेले. ताराबाईंचा इतिहास ठाऊक असलेल्या श्रोत्यांसमोर मान्त्सेबोंना जेमतेम काही मिनिटे मिळावीत, हे खटकले.

वंशवृक्षांची छपाईही अतिशय बारीक होती. वारस ठरताना बहुतेक ठिकाणी मुलाच्या वयापेक्षा त्याच्या आईचा, म्हणजे तिच्या घराचा, मान मोठा धरला जाई आणि निम्मे तंटे तेथूनच उद्भवत. त्यामुळे ते तक्ते नीट वाचता येणे आवश्यकच होते. पुढील तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी ते आयोजकांकडून मोठ्या आकारात आधीच मागून घ्यावेत.