‘टर्बो गेला’ म्हणत ४० हजार घेतले, फाटला होता होज पाइप

डिझेल हॅचबॅकचा पिकअप गेला की बऱ्याच गॅरेजांत निदान ठरलेलं असतं: टर्बो गेला, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा निकामी झाला. पुण्यातल्या एका १.३ लिटर डिझेल गाडीच्या बाबतीत हेच झालं. फियाटचं हे १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसलेलं आहे, आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर ते बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावरच्या या सगळ्या गाड्यांचे रबरी पाइप जुने झालेले आहेत. फसवणुकीला इथेच वाव मिळतो.

लक्षणं अशी होती. शहरात गाडी ठीक चालायची, पण खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी ओढत नव्हती. बॉनेटखालून ‘सूंऽऽ’ असा आवाज, मागून काळा धूर आणि चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी ०२९९ हा कोड दाखवला आणि टर्बो बदलायला सांगितलं.

या कोडचा अर्थ एवढाच की टर्बोकडून अपेक्षित दाब इंजिनपर्यंत पोचत नाही. तो का पोचत नाही, हे कोड सांगत नाही. टर्बो झिजला तरी हाच कोड येतो आणि इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटला तरी हाच. काळ्या धुराचं कारणही साधं आहे. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात जायच्या आधीच फटीतून निसटते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडतं. टर्बोचं तेलाचं सील गेलं असतं तर धूर निळसर आला असता आणि ऑइल कमी झालं असतं. इथे डिपस्टिकवर ऑइलची पातळी जागच्या जागी होती.

मग मालकाला दोन ‘पुरावे’ दाखवले गेले, आणि ते नीट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून आतलं तेल बोटाला लावून दाखवलं. पण क्रँककेसची (इंजिनच्या तळाच्या भागाची) वाफ त्याच वाटेने परत इंजिनात जाते, त्यामुळे तिथे तेलाचा पातळ थर धडधाकट गाडीतही असतो. थारोळं साचलं असेल तरच काळजी. दुसरा, टर्बोची शाफ्ट बोटाने वरखाली हलवून ‘बघा, खेळतेय’ म्हटलं. टर्बोची बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगते, म्हणून इंजिन बंद असताना वरखाली थोडी हालचाल असणारच. शाफ्ट आतबाहेर ओढून ढकलून बघायची असते. त्या दिशेने हालचाल बोटाला जाणवत असेल, किंवा पात्यांनी हाऊसिंग (बाहेरचं कवच) घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खराब. बाकी निव्वळ नाटक.

टर्बो बदलला. चाळीस हजारांच्या वर बिल. ते कच्चं, आणि जुना टर्बो परत दिला नाही. स्कॅनरने कोड पुसला होता, त्यामुळे गॅरेजच्या गल्लीत गाडी झकास वाटली. घाट लागला, पुन्हा तेच. आता इंजेक्टर काढावे लागतील असं सांगण्यात आलं. दुसऱ्या ठिकाणी पाहिल्यावर निघालं ते असं: इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला चीर होती, आणि ती जमिनीच्या बाजूला असल्याने वरून दिसत नव्हती. बाहेरून तेलकट काळपट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ, एवढीच खूण. बसवलेला टर्बोही नवा नव्हता. जुन्याच हाऊसिंगमध्ये नवा कोअर (आतला फिरणारा भाग) घातलेला होता, हाऊसिंगवरची नंबर कोरलेली पट्टी तीच, नंबर तोच.

ही चीर आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) कधीच सापडत नाही, कारण तेव्हा पाइपमध्ये दाबच नसतो. इंजिन गार असताना होज हाताने पिळून, वाकवून बघा, चीर उघडते. खात्रीसाठी एअर फिल्टरकडचं तोंड बूच लावून बंद करतात, कॉम्प्रेसरने १ बारपर्यंतच हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडतात. बुडबुडे कुठून येतात ते दिसतंच.

दाब स्वतःही बघता येतो. एप्रिल २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारा साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल चालतो. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब हवेच्या दाबाइतकाच दिसायला हवा: मुंबईत १०१ किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. इथेच आकडा चुकला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय द्या, आकडे शेजारच्याला वाचू द्या. २५०० आरपीएमला दाब २०० च्या आसपास जायला हवा. १३० वर अडकला तर आधी होज, क्लॅम्प आणि अ‍ॅक्च्युएटरची (टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या भागाची) बारीक नळी. टर्बो सगळ्यात शेवटी. दाब पुरेसा असूनही ओढ नसेल तर डिझेल फिल्टर आणि कार्बन धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप). आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, अशी तक्रार असेल तर तो क्लच आहे, इंजिनला हात लावू देऊ नका.

काम द्यायच्या आधी टर्बोवरच्या पट्टीचा फोटो काढा. नवा पार्ट बंद खोक्यात, एमआरपीच्या लेबलसकट डोळ्यांसमोर उघडायला लावा आणि जुना पार्ट परत मिळेल हे जॉब कार्डवर लिहून घ्या. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५. पैसे ५ लाखांच्या आत असतील तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. या प्रकरणात मालकाकडे पैसे दिल्याची यूपीआय नोंद होती, पण जुन्या पट्टीचा फोटो होता म्हणूनच नंबर तोच असल्याचं दाखवता आलं. तो फोटो योगायोगाने विमा तपासणीच्या वेळी निघालेला होता.