‘सीईटी मॅथ्स गॅरंटी बॅच’च्या नावाखाली माझ्या डोक्यावर 42,000चं कर्ज

लिहायला लाज वाटते, पण पालकहो, वाचा. आम्ही बार्शीचे. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप. फिजिक्स-केमिस्ट्री बरं, गणित मात्र इंटिग्रेशनपाशी अडलेलं. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे, 50 प्रश्न आणि 90 मिनिटं. घरात काय वातावरण असेल ते ओळखा.

अशात पुण्याच्या एका क्लासचा फोन आला. ऑनलाइन ‘डायग्नोस्टिक टेस्ट’ फुकट. तिने दिली. संध्याकाळी ‘काउन्सेलर’ व्हिडिओ कॉलवर हजर, स्क्रीनवर लाल अक्षरात रिपोर्ट: 14 बरोबर, 36 चूक, 28 वजा 18, म्हणजे 100 पैकी 10. “सर, या मार्कांवर चांगलं कॉलेज विसरा.”

मुलीने त्या ‘वजा 18’वर बोट ठेवलं. “बाबा, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसतं.”

तिथेच फोन ठेवायला हवा होता! ज्यांना परीक्षेचा साधा नियम ठाऊक नाही (किंवा ठाऊक असून घाबरवायला 18 गुण कापले), ते गणित काय शिकवणार? पण तो हसून म्हणाला, “मॅडम, प्रॅक्टिस कडकच हवी.” आणि मी पोरीलाच गप्प केलं. बाप म्हणून त्या लाल आकड्याने माझे हातपाय गार पडले होते. तुमचेही पडले असते.

फी 48,000. ‘90 पर्सेंटाइल नाही तर पैसे परत.’ 6,000 लगेच भरले, उरलेले ‘बिनव्याजी हप्त्यांत’, 3,500चे बारा. पॅन, आधार, सेल्फी, ओटीपी सगळं ‘अ‍ॅडमिशनसाठी’ म्हणून घेतलं. मेसेज आला तेव्हा कळलं की हे क्लासचे हप्ते नाहीत, माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं 42,000चं कर्ज आहे. क्लासला सगळे पैसे एकदम पोचले, मग त्यांना आमची गरज काय?

शिकवणं म्हणजे रेकॉर्डेड व्हिडिओ. डाउट विचारला की तासाभराने उत्तर: ‘प्लीज रिवॉच लेक्चर 14’. पैसे परत मागितले तर अट दाखवली, 95 टक्के हजेरी आणि प्रत्येक टेस्ट. त्यातली एक टेस्ट बोर्डाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलच्या दिवशी!

तीन हप्ते गेले, चौथा मी मुद्दाम अडवला. खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेने 590 कापले. म्हणजे आतापर्यंत 17,090. वर वसुलीवाल्यांचे फोन, ‘सिबिल खराब होईल’. मँडेट (खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी) बंद करायला बँकेत गेलो तर म्हणे फायनान्सकडून पत्र आणा. फायनान्सवाले म्हणाले क्लासला विचारा. क्लास म्हणाला, कर्ज तुमचं, आमचा काय संबंध? पोलीस ठाण्यात साहेबांनी अर्ज हातातही धरला नाही. “ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग सिव्हिल मॅटर आहे.” वर विचारतात, “शिकलेले आहात ना?” अहो, शिकलेला आहे म्हणूनच ठाण्यात आलो! एखाद्या पुढाऱ्याच्या पोराचे पैसे बुडाले असते तर हेच साहेब उभे राहिले असते. ऑनलाइन तक्रार केली, ती ‘संबंधितांकडे वर्ग’ झाली. संबंधित कोण, तर तोच क्लास.

केंद्राच्या जानेवारी 2024च्या मार्गदर्शक सूचनांत क्लासवाल्यांनी गुणांची हमी द्यायचीच नाही असं लिहिलंय. मला हे नंतर कळलं, तुम्ही आधी वाचा. क्लासच्या फीसाठी सेल्फी लागत नाही. सेल्फी मागितली की समजा कर्जाची केवायसी चाललीय. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हटलं की कर्ज देणारा कोण ते नाव लेखी मागा. आणि पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, सीईटीचा सुमारे 80 टक्के भर बारावीवरच असतो. आता मुलगी गल्लीतल्या एका निवृत्त सरांकडे जाते, महिना 800. इंटिग्रेशन सुटायला लागलंय.

मी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, 5 लाखांपर्यंत तिथे फी नाही. तुमच्याकडेही असा ‘वजा’वाला रिपोर्ट असेल तर स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग आणि मँडेटचा मेसेज डिलीट करू नका. माझा रिपोर्ट त्यांनी अ‍ॅपवरून काढून टाकलाय, पण मुलीने त्याच रात्री फोटो काढून ठेवला होता.